पाइपो हाताने घडवायचा आहे : लाकूड, जाडी आणि बाक यांविषयी प्रश्न

शिकाऊ_सुतार :
नमस्कार. हवाईतील ओआहू बेटावर राहायला येऊन मला वर्ष होत आले. होनोलुलूच्या बिशप म्युझियममधील जुने लाकडी सर्फबोर्ड पाहिल्यापासून, पोटावर झोपून लाटेवर स्वार होण्याची छोटी फळी, म्हणजेच येथील पाइपो, स्वतःच्या हाताने घडवावा असे मनाने घेतले आहे. घरातील फर्निचरपुरते सुतारकाम मला येते. लाटांचा अनुभव मात्र फोमच्या बूगी बोर्डापुरताच आहे. कोआ लाकडाचा एक सुरेख तक्ता पाहून ठेवला होता, पण किंमत ऐकून हात आखडता घेतला. तो घ्यावा का? जाडी किती ठेवावी? पुढच्या टोकाला बाक द्यावा की फळी सपाट ठेवावी? आणि तळाला फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारी उभी पात, लागते का?

रंधा :
कोआ सध्या घेऊ नका. ते बाभळीच्या जातकुळीतले टणक आणि वजनदार लाकूड आहे. जुन्या कारागिरांनी ते उत्तम वापरले हे खरे, पण पहिल्याच प्रयत्नात रेषेच्या उलट रंधा फिरला आणि लाकूड उसळले, तर पैसा आणि उमेद दोन्ही जातात. वीलीवीली हे पांगाऱ्याच्या वंशातले अतिशय हलके लाकूड आणि नीरफणसाचे लाकूड, हेही परंपरेतलेच. मात्र 2005 साली हवाईत शिरलेल्या, पानांवर गाठी आणणाऱ्या एका बारीक गांधीलमाशीने वीलीवीलीची झाडे इतकी खचवली की त्यासाठी झाड तोडण्याचा विचारसुद्धा करू नये. अखंड लाकूडच हवे असेल तर पावलोनिया पाहावे. ते हलके असून खाऱ्या पाण्यात चांगले टिकते.

माझा खरा सल्ला मरीन प्लायवुडचा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा आहे. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण गेल्या शतकाच्या मध्यावर होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर पाइपो चालवणाऱ्यांनी प्लायवुडच्याच फळ्या कापून घेतल्या होत्या. लांबी साडेतीन ते चार फूट, रुंदी सुमारे 20 इंच आणि जाडी 8 ते 12 मिलीमीटर ठेवावी. ही जाडी फोमच्या सवयीमुळे तुम्हाला फारच कमी वाटेल, पण पाइपोचे मर्म तिच्यातच आहे. पातळ फळी तुम्हाला तरंगत ठेवत नाही. ती लाटेच्या उतारावर पाणी कापत जाते आणि वेग आल्यावरच अंगाखाली जिवंत होते.

बाक द्यायचा असेल तर 4 मिलीमीटरचे दोन-तीन थर इपॉक्सीने (दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने) एकमेकांवर चिकटवून वक्र साच्यावर शिकंज्यांनी आवळावेत, आणि बाक फक्त पुढच्या फूटभर भागात ठेवावा. मी पहिल्या वेळी उतावीळपणे संध्याकाळीच शिकंजे सोडले आणि सकाळी पाहतो तो निम्मा बाक उतरलेला. तेव्हापासून पूर्ण दिवस थांबतो. फिन नको. तिचे काम कडेने करायचे असते. पुढच्या दोन तृतीयांश लांबीत कड गोल करावी, आणि मागच्या भागात तळाची कड अंगठ्याला बोचेल इतकी धारदार ठेवावी.

जुनी_लाट :
पालथे पडून लाट घेण्याविषयी थोडे. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक यांच्या मोहिमेतील लेफ्टनंट जेम्स किंग यांनी 1779 मध्ये हवाई बेटाच्या केआलाकेकुआ उपसागरात पाहिलेल्या लाटक्रीडेचे वर्णन लिहून ठेवले, त्यात माणसे स्वतःच्या अंगाएवढ्या लंबगोल फळीवर पालथी पडून हातांनी ती वळवत असल्याची नोंद आहे. उभे राहून सर्फिंग करणे जगभर प्रसिद्ध झाले, तरी पालथे पडून लाट घेणे हा काही नवशिक्यांचा पोरखेळ नव्हता. तुमचा बूगी बोर्डसुद्धा 1971 साली टॉम मोरी यांनी हवाई बेटावरच तयार केला. म्हणजे तुम्ही नातवाकडून आजोबांकडे निघाला आहात.

एकोणिसाव्या शतकात नोंदवलेल्या रीतीनुसार, झाड तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याशी लाल कुमू मासा ठेवत, आणि झाड तोडल्यावर मुळाशी खड्डा करून तो प्रार्थनेसह अर्पण करीत. मग दगडी वाकसाने तासलेली फळी खरबरीत पोवळ्याने आणि दगडाने घासून गुळगुळीत करीत, वनस्पतींच्या रसाने किंवा काजळीने काळी करीत आणि शेवटी कुकुईच्या बियांचे तेल चोळीत. पॉलिश पेपरच्या आधी एखाद्या कोपऱ्यावर खरबरीत दगड फिरवून पाहावा. लाकडाचा दाणा बोटांना निराळाच कळतो.

शिकाऊ_सुतार :
मनःपूर्वक आभार. प्लायवुडच घेतो. एक शंका उरते : इतकी पातळ फळी लाट उचलताना नाक खुपसून बुडणार नाही का?

ओली_वाळू :
बुडेल, आणि पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा बुडेल. फोमवर आपण छाती पुढे रेटतो. येथे तसे केले की नाक गेलेच. फळीचा मागचा काठ मांड्यांच्या वरच्या भागाखाली यावा. एका हाताने पुढचा काठ धरावा, दुसरा हात वळायच्या बाजूची कड दाबण्यासाठी मोकळा ठेवावा, आणि पायांत स्विमफिन, म्हणजे पोहण्याचे रबरी पंख, घालून लाट येण्याच्या बऱ्याच आधीपासून जोरात पाय मारावेत, कारण फोमसारखे आयते तरंगणे येथे मिळत नाही. लाट पकडली की सरळ किनाऱ्याकडे न जाता लगेच तिरके वळावे. मान वर, कोपर अंगाशी.

एक इशारा गांभीर्याने घ्यावा. फळीचे नाक वाळूत रुतले तर मागचा काठ पोटात शिरतो, म्हणून शेपटाचे कोपरे गोल करावेत आणि उथळ पाण्यात पोहोचण्याआधीच फळी बाजूला सारावी. ओआहूवरील सँडी बीचची किनाऱ्यावरच आदळणारी लाट मानेच्या आणि मणक्याच्या दुखापतींसाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे शिकायला जाऊ नये.

रंधा :
राहून गेलेली एक गोष्ट. प्लायवुडच्या कडांना आधी पातळ इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, कारण पाणी शिरते ते तेथूनच आणि मग थर सुटतात. पुढे-मागे पावलोनियाची फळी करून तिला जवसाचे तेल लावलेत, तर तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.