सुट्टीला निघण्याआधी कुंड्यांचं ठरवा

(सोसायटीच्या ग्रुपवर, शनिवार, २० डिसेंबर)

ए ५०२ : नमस्कार मंडळी. आम्ही २४ तारखेला रात्री कोकणात निघतोय, २ जानेवारीला परत. गॅलरीत तीसेक कुंड्या आहेत. दरवर्षी समोरच्या वहिनी बघतात, पण यंदा त्याही माहेरी चालल्यात. कोणाला पाणी घालणं जमेल का? किल्ली देऊन जाईन.

सी १०१ : दादा, किल्ली आमच्याकडे द्या. मुलांना सुट्टी आहे, आम्ही कुठे जात नाही. रोज सकाळी सगळ्यांना तांब्या-तांब्याभर घालत जाऊ.

ए ५०२ : फार बरं झालं ताई 🙏

बी ३०४ : सी १०१, तुम्ही मायेने कराल याची खात्री आहे, पण रोज तांब्याभर नको हं. सगळ्यांसाठीच लिहिते, कारण या सुट्टीत झाडं जातात ती बहुतेक पाणी जास्त झाल्यानेच. सध्या पहाटे चांगलाच गारठा असतो. अशा दिवसांत झाडाची वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात. माती वरून पांढरी पडते आणि खाली ओल तशीच असते. ओल हटली नाही की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात. मग पानं पिवळी पडतात, शेंडे मान टाकतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, तो आणखी पाणी घालतो आणि झाड संपतं.
कुंडीत बोट दोन पेरं खुपसून बघायचं. ओली माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी त्या कुंडीला पाणी नाही. घालायचं तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं, तेही सकाळी ऊन आल्यावर. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका, रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी धरते.

ए ५०२ : काकू, माझ्याकडे अडेनियम, तुळस, गुलाब, मोगरा, फर्न, स्नेक प्लांट असं सगळंच आहे. सगळ्यांना हाच नियम?

बी ३०४ : नाही. अडेनियम आणि स्नेक प्लांटला तुम्ही निघताना थोडं पाणी द्या, मग परत आल्यावरच बघा. मधे कोणी हात लावायचा नाही. अडेनियम थंडीत पानं गाळून झोपतं. त्याचं फुगीर खोड दाबून बघा, टणक असलं की काळजी नको. मोगराही सध्या विश्रांतीत आहे, त्याला कमीच. गुलाबाचा मात्र हा बहराचा काळ, कुंडी उन्हात असेल तर साधारण दिवसाआड पाणी लागेल. फर्नचं वेगळं. आपल्याकडची थंडी कोरडी, त्यामुळे त्याच्या पानांच्या कडा करपतात. ते बाथरूमच्या खिडकीत ठेवून जा, तिथे थोडा दमटपणा मिळतो.
तुळशीच्या मंजिऱ्या आजच खुडा. बी धरू दिलं की तिचा सगळा जोर त्यात जातो आणि जानेवारीत नुसत्या काड्या उरतात. खुडलेल्या मंजिऱ्या वाळवून ठेवा, थंडी सरली की पेरता येतील. आणि निघायच्या तोंडावर कशालाच खत घालू नका.

डी २०३ : काकू, आमची गॅलरी दक्षिणेला. मे महिन्यात तिथे सावली असते आणि आता दिवसभर ऊन. छोट्या कुंड्या एका दिवसात खडखडीत होतात.

बी ३०४ : हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे कलतं ऊन पार दारापर्यंत येतं. मेच्या मध्यापासून तो आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, म्हणून तेव्हा सावली. तुमच्या विंगच्या या गॅलऱ्या म्हणजे हिवाळी फुलांसाठी सोनं आहे! पिटुनिया, डायन्थस, झेंडू, शेवंती, जे आणाल ते फुलेल. वाळलेली फुलं रोज खुडत राहिलात तर नव्या कळ्या येत राहतात. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनी मात्र फुलांचा हट्ट धरू नये. मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली तिथे सुखात राहतात.
छोट्या कुंड्यांना वात लावा. जुन्या सुती साडीची लांब चिंधी पिळून दोरीसारखी करायची, पूर्ण भिजवायची, एक टोक बादलीच्या तळाला आणि दुसरं कुंडीच्या मातीत दोन-तीन इंच खोल. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवायची. चिंधी पाणी हळूहळू ओढत राहते. निघण्याच्या चार दिवस आधी लावून बघा, म्हणजे किती पाणी जातं ते कळेल. बादलीवर झाकण हवंच, आणि कुंड्यांखालच्या बशा कोरड्या करून जा. डेंग्यूचे डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

ए ३०१ : काकू, गेटजवळच्या पॉइन्सेटियाचं एक विचारायचं होतं. रस्त्याकडची बाजू लालभडक आहे आणि दिव्याच्या खांबाकडची हिरवीगार. रोग आहे का? फवारणी करू का?

बी ३०४ : फवारणी नको, झाड ठणठणीत आहे. मी कालच जवळ जाऊन बघितलं. आपण ज्याला फूल म्हणतो ती लाल पानंच असतात, खरी फुलं म्हणजे मधले पिवळे बारीक मणी. पानं लाल व्हायला लांब आणि अखंड अंधारी रात्र लागते, साधारण १२ तासांच्या वर, तीही सलग काही आठवडे. मूळ मेक्सिकोचं झाड आहे, तिथेही रात्री मोठ्या झाल्या की ते रंगतं. आपला खांबावरचा दिवा रात्रभर जळतो, त्यामुळे त्या बाजूच्या फांद्यांसाठी रात्र झालेलीच नाही. शेवंतीलाही असंच लागतं, म्हणून कोणाची शेवंती पॅसेजच्या दिव्याखाली असेल तर हलवा. पॉइन्सेटियाची फांदी तोडू मात्र नका, चिकाने हाताला खाज येते. मुलांना सांगून ठेवा.

ए ३०१ : वा काकू! रोज तिथून जातो पण दिव्याचं डोक्यातच आलं नाही.

कमिटी (सेक्रेटरी) : गेटचा दिवा सुरक्षेसाठी बंद करता येणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून झाडाच्या बाजूला पत्र्याची आड लावून घेतो.
दुसरी सूचना. सुट्टीत जाताना कुंड्या जिन्यात किंवा लिफ्टसमोर आणून ठेवू नयेत. आग लागली तर बाहेर पडायची तीच वाट आहे. क्लब हाउसच्या मागे सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असते, तिथे ठेवाव्यात. फ्लॅट नंबर लिहा.

डी २०३ : तिथल्या कुंड्या माळीमामा बघतील ना?

बी ३०४ : बघतील, पण माळीमामांचा पगार सोसायटीच्या बागेचा आहे. आपल्या घरच्या कुंड्यांचे पैसे वेगळे, आधी विचारून, ठरवून आणि जाण्यापूर्वी हातात द्यायचे. परत आल्यावर बघू असं त्यांना म्हणू नये.

कमिटी (सेक्रेटरी) : सहमत. ज्यांना हवं त्यांनी सोमवारपर्यंत त्यांच्याशी बोलून घ्यावं.

ए ३०१ : अजून एक. नर्सरीतून कुंडीतला ख्रिसमस ट्री आणलाय. छाटून छान त्रिकोणी करायचा विचार आहे.

बी ३०४ : तो अरोकेरिया असणार. त्याचा शेंडा अजिबात कापू नका, मग झाड पूर्वीसारखं सरळ उंच वाढत नाही. त्रिकोणी तो आपोआप होतो. हलक्या दिव्यांची माळ चालेल, जड वस्तू टांगू नका. नाताळ झाला की उजेडाच्या गॅलरीत न्या, वर्षानुवर्षं टिकेल.

सी १०१ : काकू, मुलं मागे लागलीत, आम्हालाही काहीतरी पेरायचंय. सुट्टीत होईल असं सांगा ना.

बी ३०४ : मेथी! स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्री भिजवा, उद्या भाजीच्या जुन्या क्रेटमध्ये पेरा, वर बोटभर मातीचा थर. तीन-चार दिवसांत उगवतील. साधारण तीन आठवड्यांत खुडायला येते, म्हणजे १३ जानेवारीच्या भोगीपर्यंत मुलांच्या हातची मेथी ताटात. कोथिंबिरीला जास्त दिवस लागतात. पेरायचीच असेल तर धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फाकी करून घ्या. आणि २६ जानेवारीच्या आसपास आपल्या पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन असतं, तिथे मुलांना नक्की न्या. कुंडीत काय काय फुलवता येतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं, मुलं घरी येऊन स्वतः माती मागतात.

सी १०१ : दाणे भिजत घातले पण!

ए ५०२ : काकू, उद्या सकाळी १० वाजता वर याल का? सी १०१ ताईंनाही बोलावतो. एकेक कुंडी दाखवून घेऊ.

बी ३०४ : येते. लाल आणि हिरवी रिबीन आणून ठेवा. लाल बांधलेल्या कुंडीला पाणी अजिबात नाही, हिरवीत रोज बोट घालून बघायचं.

सी १०१ : रिबीन आमच्याकडे आहे, घेऊन येते. मुलांनाही आणते, बोट घालून बघायचं काम त्यांचं.