मदत हवी आहे: ग्रंथालयात ११ दिवस पुस्तकं चुकीच्या क्रमाने लावलीत, आता शोधू कशी?

शेवटचंबाक

नमस्कार. एम.एस्सी. करतेय आणि मागच्या महिन्यात आमच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात संध्याकाळची अर्धवेळ मदतनीस म्हणून लागले. साडेपाच ते साडेनऊ, आठवड्यातले ४ दिवस. परत आलेली पुस्तकं काउंटरवर जमा करून घ्यायची, ट्रॉलीवर विषयवार लावायची, ट्रॉली ढकलत रॅकपर्यंत न्यायची आणि जागच्या जागी ठेवायची. नऊ वाजता घंटा. मग टेबलांवर राहिलेली पुस्तकं गोळा करायची आणि एकेका ओळीचे दिवे मालवत बाहेर यायचं. हे शेवटचं मला फार आवडतं. असो.

माझ्या हातून मोठा घोळ झालाय.

पहिल्या दिवशी मला दहा मिनिटांत काम दाखवलं गेलं. "पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर बघ, लहानाकडून मोठ्याकडे लावत जा." मी तसंच केलं. फक्त दशांश चिन्हानंतरचा आकडा मी सरळ पूर्ण संख्या म्हणून वाचत होते. .७ म्हणजे सात, .५५ म्हणजे पंचावन्न, .५३५ म्हणजे पाचशे पस्तीस. त्यामुळे माझ्या लेखी ५१९.७ आधी, मग ५१९.५५, मग ५१९.५३५. माझा विषय संख्याशास्त्र आहे. हसून घ्या. पण पाठीवरच्या त्या चिठ्ठीवर टिंब असून नसल्यासारखं असतं, आणि प्रकरण १.९ नंतर १.१० येतं हे डोक्यात इतकं बसलंय की शंकाच आली नाही.

काल एक पीएच.डी.चे विद्यार्थी एकाच पुस्तकासाठी तिसऱ्यांदा आले. कॉम्प्युटरवर 'उपलब्ध', रॅकवर नाही. त्यांच्यासोबत गेले, ओळ वाचत निघाले आणि पुस्तक ५१९.७ च्या पलीकडे सापडलं. ते तिथे मीच ठेवलेलं होतं, चांगलं आठवतंय, कारण कव्हर फाटलेलं म्हणून नीट टेकवून ठेवलं होतं. ते "थँक्यू" म्हणून गेले. मी तिथेच उभी. शेजारची आणखी दोन पुस्तकंही तशीच.

एका संध्याकाळी ६० ते ८० पुस्तकं लावते. ११ संध्याकाळ झाल्यात. हिशोब तुम्हीच करा. ज्या मॅडमच्या हाताखाली मी आहे त्या रजेवर आहेत, सोमवारी येतील. त्याआधी गुपचूप निस्तरता येईल का? कुठून सुरुवात करू? आणि नाहीच जमलं तर त्यांना सांगू का? परीक्षा तीन आठवड्यांवर आहेत, माझ्याही आणि सगळ्यांच्याही.

(जाता जाता: काउंटरवर गर्दी नसताना स्वतःचा अभ्यास केला तर चालतं का? कोणाला विचारायचं धाडस होत नाही.)

ट्रॉलीवाला

आधी श्वास घे. ही चूक मी केलेली आहे, माझ्या आधीच्याने केलेली आहे आणि तुझ्यानंतर येणारा करणार आहे.

दशांशानंतरचे आकडे संख्या म्हणून वाचू नकोस, अक्षरं म्हणून वाच. शब्दकोशात 'कप' आधी येतो, मग 'कपट', मग 'कपाट', आणि 'कमळ' या सगळ्यांनंतर. शब्दाची लांबी तिथे कोणी मोजत नाही. तसंच ५१९.५, ५१९.५३५, ५१९.५३६, ५१९.५५, ५१९.७. एकेक घर उजवीकडे सरकत वाचायचं, जिथे फरक पडला तिथे निकाल. पुस्तकांना हे विषयवार नंबर देण्याची पद्धत ज्याची, त्या ड्यूईने १८७६ मध्ये दशांश घेतला तोच यासाठी, की दोन नंबरांच्या मध्ये कितीही नवे विषय घुसवता यावेत आणि मागचं काही हलवायला लागू नये.

आता तुझा हिशोब. तू ७०० पुस्तकं चुकवलेली नाहीस. ज्या वर्गांकाची (म्हणजे पाठीवरच्या त्या नंबराची) दुसरी पुस्तकं रॅकवर आधीपासून होती तिथे तू चुकलीच नसशील, कारण शेजारी तोच नंबर दिसला की हात आपोआप तिथे जातो. मराठी कादंबऱ्यांचं ८९१.४६३ घे. तुझ्या पद्धतीने त्या गुजरातीच्या ८९१.४७ नंतर जायला हव्यात. पण मराठी कादंबऱ्यांची कपाटंच्या कपाटं एकाच नंबराची असतील, तर तू त्यांतच ठेवल्या असणार. तू चुकलीस ती एकटी पुस्तकं. त्या नंबराचं रॅकवर दुसरं काही नव्हतं, म्हणून तुला जागा 'ठरवावी' लागली, तिथे.

आणि चुकीला दिशा आहे. दशांशानंतर कमी आकडे असलेलं पुस्तक त्याच्या खऱ्या जागेच्या डावीकडे गेलं असेल, जास्त आकडे असलेलं उजवीकडे. हे लक्षात ठेवून ओळ वाच, डोळ्याला लगेच खटकेल. ज्या वर्गांत लांब-आखूड नंबरांची सरमिसळ जास्त तिथून सुरू कर: कॉम्प्युटरचं ००५ (००५.१३३, ००५.७४, ००५.८ हा खरा क्रम; तुझा नेमका उलटा झाला असेल), मग ५१९, मग अर्थशास्त्राचं ३३८. तत्त्वज्ञान वगैरे नंतर बघितलं तरी कोणी ओरडत नाही.

एक सांगायचं राहिलं. हलवाहलव करताना पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नकोस, बांधणी तिथेच फाटते. दोन्ही बाजूंची शेजारची पुस्तकं थोडी आत ढकल आणि मधलं पाठीच्या मध्यावर धरून काढ. तुझ्या त्या फाटक्या कव्हरचं कारण बहुधा हेच.

काउंटरपलीकडून

वरचा सल्ला बरोबर आहे, पण एवढं डोळे फोडायची गरज नाही. तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे? कोहा असेल तर प्रत्येक प्रतीच्या नोंदीत ती शेवटची कधी 'दिसली' ती तारीख असते. पुस्तक परत जमा करून घेतलं की ती तारीख बदलते. म्हणजे तू लागलीस त्या दिवसापासून कालपर्यंत परत आलेल्या सगळ्या प्रतींचा रिपोर्ट वर्गांकाच्या क्रमाने काढता येतो. त्यातली पुन्हा कोणी घरी नेलेली वगळली की उरली तुझी यादी. ती हातात घेऊन रॅकपाशी जायचं आणि फक्त तेवढीच शोधायची.

बारकोड स्कॅनर रॅकपर्यंत नेता येत असेल तर आणखी सोपं. ओळीतली पुस्तकं डावीकडून उजवीकडे स्कॅन करत जायची आणि ती फाइल कोहाच्या इन्व्हेंटरीत (पुस्तकांच्या मोजणीत) चढवायची. क्रम सोडून बसलेली पुस्तकं कोहा दाखवतं. अलीकडच्या आवृत्त्यांत ही सोय आहे.

दोन अडचणी. टेबलांवरून गोळा केलेली पुस्तकं जमा करून घेतलेली नसतात, म्हणून ती रिपोर्टमध्ये येणार नाहीत. ती डोळ्यांनीच शोधायची. आणि रिपोर्ट काढायचे अधिकार तुझ्या लॉगिनला नसणार. म्हणजे मॅडमना सांगावंच लागेल. गुपचूप केलंस तर महिना जाईल, सांगितलंस तर दोन संध्याकाळ.

शेवटचंबाक

कोहाच आहे! आणि नाही, मला रिपोर्टचा पर्यायच दिसत नाही.

ट्रॉलीवाला, ००५ ची ओळ आज बघून आले. पहिल्याच खणात ४ सापडली आणि चारही तुम्ही सांगितलेल्या दिशेलाच. हसावं की रडावं कळेना. पण मॅडम कडक आहेत हो. नवीन माणूस, पहिलाच महिना. "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाल्या तर?

खालचाखण

इथे सगळे या मुलीलाच शिकवतायत म्हणून लिहितो. नव्या माणसाने लावलेली पुस्तकं ११ दिवस कोणीच तपासली नाहीत? आमच्याकडे नवीन मुलांनी पहिले दोन आठवडे पुस्तक उभं लावायचंच नाही, आडवं ठेवायचं, जिथे जायला हवं असं वाटतं त्या जागी. दुसऱ्या दिवशी जुना माणूस फेरी मारतो, बरोबर असेल ते उभं करतो, चुकलेलं ट्रॉलीवर परत. काही ठिकाणी आडवं न ठेवता रंगीत कागदाची पट्टी घालतात. खर्च शून्य. दहा मिनिटांत काम दाखवून मोकळं व्हायचं आणि मग वाचकाने तीन खेपा घालायच्या, याला मुलगी एकटी जबाबदार नाही. मॅडमना हे बोलून दाखव असं म्हणत नाही, पण मान खाली घालून जाऊ नकोस एवढंच.

शिवाय रॅक वाचायला लागलीस की दिसेल, निम्मा गोंधळ तुझ्या आधीचा असतो. परीक्षेच्या तोंडावर मुलं हवं ते पुस्तक मुद्दाम भलत्याच विषयात लपवून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला मिळू नये. भूमितीचं ५१६ मी एकदा ५६१ मध्ये, वनस्पतींच्या जीवाश्मांत पाहिलंय. आकडे उलटे झाले की कोणी लपवलं, देवाला माहीत.

ट्रॉलीवाला

खालचाखण यांच्याशी सहमत. आमच्याकडे पट्ट्याच होत्या, पिवळ्या.

शेवटचंबाक, काढून टाकतील ही भीती सोड. पुस्तक हरवलंय आणि का हरवलंय ते कळत नाही, याने ग्रंथालयातला माणूस हैराण होतो. तू तर कारण, तारखा आणि दिशा सगळं घेऊन जाणार आहेस. जाण्याआधी ००५ ची एक ओळ पूर्ण लावून टाक आणि किती सापडली ते कागदावर लिहून ने. नुसतं "चूक झाली" म्हणण्यापेक्षा "या ओळीत इतकी सापडली, बाकीच्यांसाठी रिपोर्ट मिळेल का" असं विचार.

ओळखपत्रविसरलो

विषयांतराबद्दल माफी, पण भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथनही मुळात गणिताचेच प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. तेव्हा गणिताकडून ग्रंथालयात येणाऱ्यांत तू चांगल्या संगतीत आहेस. त्यांनी १९३३ मध्ये आणलेल्या वर्गीकरणात तर नंबरात कोलनही येतो. तुझ्या वाट्याला नुसतं टिंब आलंय, नशीब समज.

तुझा कंसातला प्रश्न कोणी घेतलाच नाही. मी दोन वर्षं संध्याकाळच्या काउंटरवर होतो. वाचायला कोणी ना म्हणत नाही, पण विचारून घे. इयरफोन नको. आणि अवघड गणित सोडवायला बसू नकोस. समोर माणूस येऊन उभा राहिला तरी मान वर होत नाही आणि तक्रार तिथूनच सुरू होते. मी नोट्स उतरवून काढायचो. मधेच सोडता येतं असं काम घेऊन बसावं.

शेवटचंबाक

अपडेट. उशिराबद्दल सॉरी, परीक्षा.

सोमवारी मॅडम आल्या आल्या सांगितलं. कागद पुढे केला: ००५, एक ओळ, १३ पुस्तकं. त्यांनी चष्मा वर केला, कागद वाचला आणि विचारलं, "दशांश?" मी हो म्हटलं. "मला वाटलंच होतं काहीतरी, गेल्या आठवड्यात फोनवर दोन तक्रारी आल्या." बस. ओरडल्या नाहीत. रिपोर्ट काढून दिला, ४१२ ओळींचा. मग माझ्यासोबत ५१९ च्या रॅकपाशी येऊन खालच्या खणासमोर मांडी घालून बसल्या आणि अर्धा तास एकेक नंबर मोठ्याने वाचून घेतला माझ्याकडून, पहिलीतल्या मुलीसारखा. "टिंबाला टिंब म्हण, गिळू नकोस."

तीन संध्याकाळ लागल्या. चुकीच्या जागी एकूण ६३ सापडली. पैकी १९ माझी नाहीतच, ती शेवटची जमा झाली तेव्हा मी लागलेही नव्हते. खालचाखण, तुम्ही म्हणालात तसंच. एक तर स्वयंपाकाच्या पुस्तकांमागे दडवलेलं, आत कोणाचीतरी नावनिशी नसलेली हस्तलिखित नोट्सची घडी. मॅडमनी ती घडी काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, मालक येईल म्हणे.

पट्ट्यांचं मी बोलले नाही, पण धागा त्यांना दाखवला. हसल्या. पुढच्या नवीन मुलासाठी पट्ट्या कापायचं काम मलाच मिळालंय. आणि अभ्यास करायला परवानगी आहे, साडेआठनंतर.

एक पुस्तक मात्र अजून सापडत नाही. ५१९.५३६, एकच प्रत. जमा झाल्याची तारीख माझीच. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, ५९१ मध्ये पाहिलं, झेरॉक्सवाल्यांकडे विचारलं. काही सुचतंय का?

खालचाखण

दोन रॅक पाठीला पाठ लावून असतील तर मधली फट बघ. खण पूर्ण भरलेला असताना पुस्तक जोरात आत ढकललं की आधीचं मागच्या बाजूने खाली जातं. टॉर्च ने. आणि यापुढे खण गच्च भरू नकोस, थोडी जागा सोडत जा.

शेवटचंबाक

फटीतच होतं. पट्टीने ओढून काढलं, सोबत एक जुनं वाचनकार्ड आणि दोन पेनं. धूळ पुसून ५१९.५३५ आणि ५१९.५५ च्या मध्ये लावलं. आडवं ठेवलंय, मॅडम सकाळी बघतील.