एकदांडीच्या अर्काला झोन आलाय, आता पुढे काय तपासू?

रानफूल: नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला एकदांडी घेतलीय, दगडी पाला म्हणतात तीच, जखमेवर पानं चुरगळून लावतात ती. पानं सावलीत वाळवून पावडर केली, मिथेनॉलमध्ये अर्क काढला. फेरिक क्लोराइड टाकल्यावर रंग गडद झाला म्हणजे फिनॉल आहेत, अँटिऑक्सिडंट तपासायच्या डीपीपीएचचा जांभळा रंग बघता बघता पिवळा पडला, आणि स्टॅफिलोकॉकस बॅक्टेरियाच्या प्लेटवर अर्काच्या डिस्कभोवती छान झोन आला, म्हणजे तेवढ्या गोलात बॅक्टेरिया वाढलेच नाहीत. गाईड म्हणतायत आता डॉकिंग कर (घटक प्रोटीनवर कसा बसतो ते कॉम्प्युटरवर बघणं) आणि पेपर लिहून टाक. पण मला खरंच जाणून घ्यायचंय की यात औषध होण्यासारखं काही आहे का, आणि ते नक्की कशावरून ठरवायचं??

अर्कवाला: डॉकिंग राहू दे तूर्तास. डीपीपीएच जवळपास कुठल्याही हिरव्या पानाच्या अर्काने पिवळं पडतं कारण फिनॉल सगळीकडेच असतात, त्यावरून शरीरात काय होईल ते अजिबात कळत नाही. आणि अर्काला स्वतःचा रंग असतो, तोही ५१७ नॅनोमीटरला रीडिंगमध्ये मिसळतो, म्हणून प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचा ब्लँक लावच.

झोनचंही तसंच, अगार पाणेरी असतो, तेलकट घटक त्यात पसरतच नाहीत, त्यामुळे झोन छोटा म्हणजे अर्क कमजोर असं नसतं आणि मोठा म्हणजे जोरदार असंही नसतं. त्यापेक्षा ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एमआयसी काढ, म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, दरवेळी निम्मं डायल्युशन, शेवटी रेझाझुरिन, जिथे बॅक्टेरिया जिवंत तिथे निळ्याचा गुलाबी होतो. कच्चा अर्क १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली चालला तर मन लावून पुढे जा, १ मिलिग्रॅमच्या वर लागत असेल तर मी तरी त्याला ॲक्टिव्ह म्हणणार नाही. अर्क ज्यात विरघळवतो त्या नुसत्या डीएमएसओचा आणि एखाद्या नेहमीच्या अँटिबायोटिकचा कंट्रोल त्याच प्लेटवर हवा.

पेशीवाली: अर्कवाला दादांशी सहमत, पण बॅक्टेरिया मारणं सोपं आहे, आपल्या पेशी न मारता मारणं अवघड! त्यामुळे एमआयसीच्या जोडीला व्हेरोसारख्या (माकडाच्या किडनीच्या) पेशींवर टॉक्सिसिटी बघ आणि दोन आकड्यांत किती अंतर पडतं ते मांड. त्यासाठी एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची टेस्ट) करणार असशील तर एक सांगते, जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्माझान करतात हे खरं, पण फिनॉलने भरलेला अर्क पेशी नसतानाही तेच करतो, मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. पेशी न घातलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी टाकून बघ, रंग आला तर एमटीटी घालायच्या आधी अर्क धुऊन काढावा लागेल.

अजून एक, एकदांडी सूर्यफुलाच्या कुळातली आहे ना, त्या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींत पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात, ते लिव्हर बिघडवतात. लिव्हरच्या एन्झाइमने बदलल्यावरच ते विषारी होतात म्हणून व्हेरोवर २४ तासांत काही दिसणारच नाही. अर्कातले घटक ओळखायला एलसी-एमएसला सॅम्पल पाठवशील तेव्हा त्यांचाही शोध घ्यायला सांग.

मूळशोध: रानफूल, खरं काम आता सुरू होतं बघ. अर्क हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, ब्युटेनॉल असा क्रमाने वेगळा कर, प्रत्येक भागाची एमआयसी काढ आणि जिथे गुण जाईल त्याच्या मागे जा. सगळ्याच भागांतून गुण गायब झाला तर ते परत एकत्र करून बघ, कधीकधी दोन घटक मिळूनच काम करतात.

मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतून शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अर्क काढताना उष्णतेने मलेरियावरचा गुण टिकेना, जुन्या ग्रंथात मात्र त्या वनस्पतीचा पाला पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितलेला, त्यावरून त्यांनी ३५ अंशाच्या आसपास उकळणारं ईथर वापरलं. वर अर्काचा आम्लधर्मी भाग काढून टाकला, त्यात विषारीपणा जास्त होता आणि गुण उरलेल्या न्यूट्रल भागात होता. १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन शुद्ध मिळालं, २०१५ मध्ये नोबेल. तेव्हा मिथेनॉलवरच अडून बसू नकोस, ताज्या पानांचा थंड अर्कही करून बघ, जखमेवर तर ताजीच पानं लावतात.

रानफूल: बापरे, खूप खूप आभार सगळ्यांचे! मग डॉकिंग करायचंच नाही का, गाईडना काय सांगू?

मूळशोध: कर की, पण शुद्ध घटक हातात आल्यावर आणि तो कशावर काम करतोय याचा काही पुरावा मिळाल्यावर. क्वेर्सेटिनसारखं फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत सर्रास असणारं फिनॉल) कुठल्याही प्रोटीनवर डॉक केलं तरी स्कोअर चांगलाच येतो, आणि प्रत्यक्ष टेस्टमध्येही ते बऱ्याच प्रोटीन्सना नुसतं चिकटून पॉझिटिव्ह दाखवतं. गाईडना एमआयसी आणि टॉक्सिसिटीचा तक्ता आधी दाखव, त्यावर बोलणं सोपं जाईल. आणि वनस्पतीची ओळख पक्की करायला फुलासकट हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) केलीयस ना? नसेल तर ज्या जागेवरून पानं आणलीस तिथूनच आत्ता फुलं आहेत तोवर करून घे.

रानफूल: नाही केलेली, उद्याच करते. पेशीवाली ताई, व्हेरोसाठी डीएमएसओ किती चालेल?

पेशीवाली: ०.५ टक्क्याच्या आत ठेव, आणि कंट्रोलमध्येही तेवढाच.