चिलखताला आधी काळा द्या, सिल्व्हर नंतर
एकाने विचारलंय की २८ मिमी उंचीच्या फ्रेंच सरदारांच्या छोट्या पुतळ्यांना सिल्व्हर रंग मारल्यावर चिलखत चॉकलेटच्या चांदीच्या कागदासारखं का दिसतं, आणि त्यावर कोणीतरी सगळीकडे ब्राऊन वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) द्या म्हणालंय. मला नाही पटत. अ‍ॅजिनकोर्टच्या इंग्रज-फ्रेंच लढाईची, म्हणजे १४१५ ची फौज असेल तर श्रीमंत सरदाराचं पोलादी चिलखत घासून लखलखीत ठेवलेलं असायचं, तिथे ब्राऊनने गंज दाखवला की सगळंच बिघडतं. मी आधी काळा प्रायमर मारतो, मग गनमेटल (गडद धातूसारखा रंग), मग पातळ काळा वॉश फक्त सांध्यांत, गुडघ्याच्या वाटीच्या कडेला आणि शिरस्त्राणाच्या फटीत उतरू देतो, तो पूर्ण वाळला की उजळ सिल्व्हर फक्त वरच्या कडांवर, ब्रशच्या टोकाने. मानेभोवतीची कड्यांची जाळी मात्र वेगळी करायची, तिथे ब्रश टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि नुसता वरून फिरवा, कड्या उठून दिसतात आणि भोकं काळीच राहतात, इतकं सुंदर दिसतं ना ते! आणि प्लीज मेटॅलिक (चमकीच्या) रंगांसाठी ब्रश धुवायची पाण्याची वाटी वेगळी ठेवा, नाहीतर ती चमकी झेंड्याच्या निळ्यात येते. शेवटी मॅट वार्निश चिलखतावर नको, सगळी चमक मरते.