टाय, कोट आणि आपण नाशिककर : तुमचा अनुभव सांगा

भाच्याचा कॅम्पस इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे. फॉर्मल कपडे सक्तीचे. रविवारी त्याला घेऊन कॉलेज रोड पालथा घातला. ब्लेझर छातीत बसला की बाही बोटांवर येते, बाही जमली की बटण लागत नाही. शेवटी पोरगा म्हणाला, "मामा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, भाड्याने आणू." मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही हे त्याला धड सांगताही येईना.

माझ्या वडिलांकडे एकच कोट होता, लग्नात शिवलेला. पुढे पोट सुटलं तेव्हा मेन रोडवरच्या त्याच शिंपी मास्तरांनी तो उसवून दोन्ही बाजूंनी सैल केला, कारण शिवतानाच आत माया, म्हणजे शिलाईपलीकडे जास्तीचं कापड, ठेवली होती. माझ्या लग्नात तोच कोट मास्तरांच्या मुलाने माझ्या मापाला आत घेतला. परवा दुकानात ब्लेझर उलटा करून पाहिला, तर शिलाईपलीकडे अर्धं बोटही कापड नव्हतं.

मला वाटतं, पुरुषाकडे स्वतःच्या अंगावर बेतलेला एक तरी कपडा असावा. टायचा आग्रह मात्र कुणी कुणाला करू नये. तुम्ही काय केलंत, काय भोगलंत, मोकळेपणाने लिहा. भाच्याला वाचायला देणार आहे.

औषध कंपनीचा प्रतिनिधी, २२ वर्षं

माझी लाइन दिंडोरी, कळवण, सुरगाणा, पेठ. टाय खिशात घडी करून ठेवायचो आणि दवाखान्याबाहेर गाडीच्या आरशात बघून बांधायचो. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि गळ्यात गाठ. एकदा पेठला एका वयस्कर डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "आधी पाणी प्या. टाय सोडा. मग औषधाचं बोला." त्या दिवशी पहिल्यांदा मी पाठ केलेलं न बोलता नीट बोललो.

जपान सरकारने २००५ साली 'कूल बिझ' मोहीम काढली. उन्हाळ्यात ऑफिसचा एसी २८ अंशांवर ठेवायचा आणि टाय-कोट उतरवायचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने तर २००७ मध्ये डॉक्टरांनाच सांगितलं की रुग्ण तपासताना टाय नको, तो क्वचित धुतला जातो आणि जंतू वाहून नेतो. मग डॉक्टरला भेटायला जाणाऱ्याच्या गळ्यात तो कशासाठी? आमच्या साहेबांना मी हे लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही.

नाशिक रोड

वरचं सगळं मान्य. पण आमच्या घरातला टाय वेगळा आहे.

आजोबा येवल्याकडचे. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. पणजोबा त्याआधी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला आले होते, १९३० साली. गावात आमच्या माणसाने नवं धोतर नेसून वरच्या आळीतून जायची सोय नव्हती. धुतलेला सदराही लोकांच्या डोळ्यांत यायचा. अशा माणसांनी बाबासाहेबांना सूट-टायमध्ये पाहिलं. त्यांना काय दिसलं असेल ते मला आता कुठे कळायला लागलंय.

आजोबा प्रेसमध्ये, म्हणजे छापखान्यात, लागले आणि पहिल्या बोनसमधून त्यांनी सूट शिवला. पुढे दर १४ एप्रिलला पूर्ण सूट घालून, टाय बांधून शालिमारला पुतळ्याला हार घालायला जायचे. भर उन्हात. मी लहानपणी विचारलं होतं, "आबा, उकडत नाही का?" ते म्हणाले, "उकडतं ते मला, बघणाऱ्याला नाही."

स्टुडिओत काढलेला त्यांचा एक फोटो आमच्या बैठकीत आहे. टायची गाठ डावीकडे सरकलेली आहे, कोटाचे खांदे मात्र एकदम बरोबर. त्यामुळे टाय म्हणजे इंग्रजांची गुलामी, असं कुणी म्हणालं की मी तिथे थांबून उत्तर देतो. आमच्या आबांनी तो गळ्यात बांधला तेव्हा त्यांची मान वर झाली होती.

अंबड एमआयडीसी, सुपरवायझर

मशीनवर टाय नको म्हणजे नको. आमच्याकडे एक ट्रेनी पोरगा पहिल्याच दिवशी टाय बांधून आला आणि जॉब बघायला लेथवर वाकला. टायचं टोक चकने, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या जबड्याने, ओढलं. शेजारच्या ऑपरेटरने लाल बटण दाबलं म्हणून पोरगा वाचला. गळ्यावर वळ उठला होता. कारखाने कायदा १९४८ च्या कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट हवेत असं होतं, आणि लोंबणारा टाय म्हणजे बरोबर त्याच्या उलट. भाचा इंजिनिअर असेल तर त्याला हे आवर्जून सांगा : इंटरव्ह्यूनंतर शॉप फ्लोअर दाखवायला नेलं, तर टाय काढून खिशात ठेवायचा.

वकील, जिल्हा न्यायालय

आम्हाला पर्याय नाही. जिल्हा न्यायालयात गळ्याला पांढरे बँड (दोन पट्ट्या) लागतात; त्याखालच्या कोर्टात काळा टाय चालतो. उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतरत्र काळा कोट सक्तीचा नाही, हे कित्येक नव्या वकिलांना ठाऊकच नसतं आणि ते उगाच घामाने निथळत उभे राहतात.

शिंपी, भद्रकाली, तिसरी पिढी

मायेबद्दल वाचून बरं वाटलं. हल्ली हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी येत नाही.

माणसाचे दोन खांदे सारखे नसतात. दहातल्या आठांचा एक खांदा उतरता असतो. टेप लावण्याआधी मी माणसाला बोलण्यात गुंतवतो, कारण माप घेतोय म्हटलं की तो ताठ उभा राहतो आणि खोटं माप येतं. उतरत्या खांद्याकडे मुंढा (बाही जोडायची खाच) थोडा खाली घ्यावा लागतो, नाहीतर त्या बाजूला तिरकी घडी पडते. रेडिमेडमध्ये दिसते ती घडी हीच. कच्च्या टाक्यांवर एक ट्रायल, खडूच्या खुणा, पुन्हा उसवणं, मग पक्की शिलाई. दोन पीस सूटला पन्ना (कापडाची रुंदी) ५८ इंच असेल तर साधारण तीन मीटर कापड जातं.

स्वस्त कोटात पुढच्या बाजूला आतलं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं. चार-सहा ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे येतात आणि मग काहीच करता येत नाही. कॅनव्हास घालून हाताने टाचलेला कोट वीस वर्षंही जातो. नाशिकच्या हवेला पूर्ण अस्तर नको, पाठीला अर्धं पुरे.

टाय घेणारच असाल तर दोन्ही टोकं धरून हलकेच ओढून बघा. चांगला टाय उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात, कापलेला असतो, म्हणून थोडा ताणतो आणि गाठ सोडली की सरळ होतो. उभ्या धाग्यात कापलेला टाय पिळवटतो. बांधल्यावर टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावं. आणि आधी पँट नीट करा. आसन (बैठकीचा भाग) आणि मोहरी (पायाचा घेर) बसली नाही, तर वर कितीही भारी कोट घाला, नजर खालीच जाते.

एकच विनंती. चार दिवसांत सूट मागू नका. लग्नसराईत लोक तसं मागतात, आम्ही नाही म्हणू शकत नाही, आणि मग जे हाताबाहेर जातं त्याची मला रात्री झोप लागत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आबांचा अनुभव भाच्याने दोनदा वाचला.

काल त्याला घेऊन मास्तरांकडे गेलो. माप घेताना त्याचा उजवा खांदा उतरता निघाला. लॅपटॉपची बॅग तो त्याच बाजूला अडकवतो. गडद निळं कापड घेतलं, पाठीला अर्धं अस्तर. माया किती ठेवू, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा भाचाच म्हणाला, "बसेल तेवढी."

गुरुवारी कच्ची ट्रायल आहे. टायचं अजून ठरलेलं नाही.