मेणबत्त्यांच्या उजेडातील नाताळगीते आणि काळवंडलेल्या प्रिंट

प्रश्न

डिसेंबरमध्ये एका गायकवृंदाच्या नाताळगीतांच्या तीन कार्यक्रमांचे छायाचित्रण मी केले. सभागृहातील दिवे मालवून केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात गायन झाल्यामुळे बहुतेक चित्रे आयएसओ ६४०० (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची बरीच उच्च संवेदनशीलता) आणि १/६० सेकंद शटरगतीवर टिपावी लागली. त्यांपैकी वीस चित्रांचे प्रदर्शन त्याच सभागृहात भरवायचे ठरले आहे. मात्र मॅट कागदावर काढलेल्या चाचणी प्रिंट संगणकाच्या पडद्यावरील चित्रांपेक्षा फारच काळपट आल्या असून गायकांचे चेहरे भडक नारिंगी दिसतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा काढून पांढरे पांढरे दाखवणारी दुरुस्ती) पूर्ण दुरुस्त केला की चेहरे सुधारतात, पण मग मेणबत्तीचा उजेड कार्यालयातल्या दिव्यासारखा वाटू लागतो. मधला मार्ग कोणता? तसेच २४ मेगापिक्सेलच्या फायलींतून किती मोठ्या प्रिंट काढाव्यात?

प्रतिसाद १

आपला पडदा गरजेपेक्षा अधिक प्रखर असावा, असा माझा पहिला संशय आहे. प्रिंटसाठी काम करताना त्याची प्रखरता साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. प्रखर पडद्यावर आपण नकळत चित्र गडद करत जातो आणि ते कागदावर उघडे पडते. शिवाय मॅट कागदाचा काळा रंग चकचकीत कागदाइतका गडद नसल्याने सावल्यांमधले तपशील एकमेकांत मिसळतात, म्हणून त्या कागदाचे प्रोफाइल (तो कागद रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) लावून सॉफ्ट प्रूफिंग केल्यावरच, म्हणजे प्रिंट कशी दिसेल हे पडद्यावर पाहिल्यावरच, सावल्या उजळाव्यात.

नारिंगी रंगाबाबत मात्र घाई करू नये. मेणबत्तीचे रंगतापमान (प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी तितका प्रकाश उबदार) सुमारे १९०० केल्व्हिन असते आणि इतक्या उबदार प्रकाशाशी डोळाही पूर्ण जुळवून घेत नाही, त्यामुळे ती ऊब पुसून टाकलेले चित्र अचूक नव्हे, उलट खोटे ठरते. मी व्हाइट बॅलन्स २५०० ते २८०० केल्व्हिनच्या दरम्यान ठेवून केवळ नारिंगी रंगाची संपृक्तता (रंगाची तीव्रता) कमी केली असती. त्याआधी लाल चॅनल (चित्रातील केवळ लाल रंगाची माहिती) स्वतंत्रपणे पाहावा. अशा प्रकाशात एकूण हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख) निर्धोक दिसत असतानाही गालांवरचा लाल रंग आधीच कापला गेलेला, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन तपशील गमावलेला, असतो, आणि तो गेला असेल तर त्या चेहऱ्याचा पोत कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. अशी चित्रे कृष्णधवल करावीत किंवा सरळ वगळावीत.

प्रतिसाद २

आपली फाइल ६००० × ४००० पिक्सेलची असेल, तर ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे २० × १३ इंचांची आणि २०० पीपीआयने ३० × २० इंचांची प्रिंट निघते. आयएसओ ६४०० चा नॉइज (दाणेदारपणा) पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहिल्यावर जितका छळतो तितका कागदावर छळत नाही, पण १/६० वर हललेली मान मोठ्या प्रिंटमध्ये लपत नाही. वृंदसंचालकाचा हलल्याने धूसर झालेला हात तेवढा ठेवावा. स्थिर चित्रात लय दाखवणारे दुसरे काय असते?

वीस चित्रे मला जास्त वाटतात. निवडताना गायकांच्या तोंडांकडे पाहावे. ‘आ’ किंवा ‘ओ’ या दीर्घ स्वरावर टिपलेला संपूर्ण वृंद एकाच श्वासात गात असल्यासारखा दिसतो, तर व्यंजनाच्या क्षणी तेच चेहरे वेडेवाकडे येतात. या एका कसोटीवर निम्मी चित्रे गळतील.

प्रतिसाद ३

सर्व प्रिंट काढण्यापूर्वी एकाच चित्राच्या कमी-अधिक उजळ अशा चार-पाच पट्ट्या छापून त्या सभागृहाच्या भिंतीवर, प्रदर्शनाच्या वेळी असतील तेच दिवे लावून पाहाव्यात. पडदा कितीही अचूक असला तरी अंतिम निर्णय त्या भिंतीवरच होतो. गडद चित्रावर साधी काच बसवली की तिचा आरसा होतो, म्हणून परावर्तनरोधक काच घ्यावी किंवा काच टाळावी. काच लावायचीच असेल तर इंकजेट प्रिंट किमान एक दिवस उघड्यावर सुकू द्यावी, अन्यथा काचेच्या आतून धुरकट थर धरण्याची शक्यता असते. वृंदात लहान मुले असल्यास त्यांच्या पालकांची संमती आधीच घ्यावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. आज पट्ट्या घेऊन सभागृहात गेलो, तेव्हा माझ्या पडद्यावर फिकी वाटणारी, तब्बल एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजळ केलेली पट्टीच तेथे योग्य दिसली. लाल चॅनल तपासल्यावर सहा चित्रे बाद झाली आणि स्वरांच्या कसोटीवर आणखी तीन गळाली. उरलेली अकरा मी काचेविना लावणार आहे.