भिंतीवरचं चित्र कागदावर आणणं: 'नक्कल' म्हणावं का?

सोनचाफा: एमिस कॅल्व्हर्ली यांच्यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. इजिप्तमध्ये अबायडॉसला सेती पहिला या राजाचं देऊळ आहे. त्याच्या रंगीत भिंती या बाईंनी वर्षानुवर्षं कागदावर उतरवल्या, मर्टल ब्रूम सोबतीला. १९३३ ते १९५८ मध्ये चार जाडजूड खंड निघाले. मी लिहिलं, 'भित्तिचित्रांच्या नकला केल्या.' आईनं तिथंच थांबवलं. "नक्कल काय गं? परीक्षेत करतात ती?" दुसरा शब्द सुचेना.

पाटीपेन्सिल: नक्कलच ठेवा. माझे आजोबा तलाठी होते. सातबाऱ्यावर 'खरी नक्कल' लिहून सही करताना त्यांचा हात जड व्हायचा. मुळाबरहुकूम आहे याची हमी असते ती.

आडवाट: 'प्रतिकृती' हा आपला शब्द असताना अरबी कशाला?

पाटीपेन्सिल: प्रतिकृती म्हटलं की मला दिवाळीतला मातीचा रायगड दिसतो. आणि अरबी काढायचं तर 'कित्ता'ही जाईल.

माजघर: कित्त्यावरून आठवलं, 'गिरवणे' का नको? फोटो मोठे करून त्यांवरून पेन्सिलीनं रेघ काढायची, मग तो कागद भिंतीपाशी नेऊन रेघ न् रेघ ताडून पाहायची, अशी त्यांची पद्धत होती. शिलालेखासारखा ओल्या कागदाचा ठसा घेतला असता तर रंगच निघून आला असता.

आडवाट: गिरवतो तो शिकणारा. या बाईंना शिकाऊ ठरवू नका.

माजघर: शिकणं कमीपणाचं कधीपासून झालं?

उंबरठा: मुळात 'भित्तिचित्र'च चूक आहे. अजिंठ्याला गिलाव्यावर रंग आहे, तिथं तो शब्द शोभतो. अबायडॉसला आधी दगड कोरलाय, मग रंगवलाय. 'रंगीत उठावशिल्प' म्हणा.

सोनचाफा: ते बदलते, आभार. पण क्रियापद?

उंबरठा: 'उठाव'ही सगळीकडे चालणार नाही. सेतीच्या कारागिरांनी आकृती वर उठवल्या. मुलगा दुसरा रामसेस यानं देऊळ पुरं केलं, त्याच्या भागात त्या आत खोदल्यात. त्याला काय म्हणाल?

माजघर: आमच्याकडे पेढ्याचा लाकडी साचा आहे. साच्यात नक्षी खोल, पेढ्यावर उठून येते. आजी साच्यातल्या नक्षीला 'खोदीव' म्हणायची.

आडवाट: 'खोदीव' विहीरही असते. 'निम्नशिल्प' म्हणावं.

पाटीपेन्सिल: 'निम्न' वाचून माणसं दर्जा समजतील. खोदीवच बरं.